कमरेचं माप

आमचे जावई टेलर आणि लेकही टेलर. रस्त्याला लागून दुकान, दुकानाच्या डोक्यावर दोन खोल्यांचं घर, आणि त्या घरात कुणाच्याही अंगावर काही सैल दिसलं की दोघांचे हात शिवशिवतात. एका वर्षी मी लांबलेल्या तापातून उठले, तर जावयांनी मला न विचारता माझा थंडीचा कोट शिलाई मारून आत घेऊन टाकला. पुढे मी पुन्हा भरले आणि कोट होईना. माझी तक्रार त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "आई, माप तुमचं बदललं. त्यात कोटाचा काय दोष?"

दुकानाची रीत ठरलेली होती. टेप लेकीच्या हातात. टाचण्या तिच्या ओठांत धरलेल्या, म्हणजे तिला बोलता यायचं नाही. म्हणून टेपवरचा आकडा वाकून वाचायचा आणि मोठ्यानं सांगायचा तो जावयांनी. गिऱ्हाईक कितीही ओशाळू दे, आकडा आहे तोच सांगायचा. बँकेतल्या एका बाई म्हणाल्या होत्या, "जरा हळू सांगा हो, बाहेर लोक आहेत." जावई म्हणाले, "हळू सांगितला म्हणून कमी होतो का?" आणि मोठ्यानं सांगितला. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. त्याचं जावयांना वाईट वाटलं, पण मापात खोटं बोलणं त्यांना जमत नव्हतं. बाकी सगळीकडे जमत होतं, हे आम्हाला पुढे कळलं.

मी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात हयात घालवली आहे. शे-दीडशे पोरांची ताटं रोज परत येताना बघायची, हे माझं शिक्षण. मला चेहऱ्यावरून माणूस कळत नाही, ताटावरून कळतो. जावयांचं ताट अर्धं परत यायला लागलं तेव्हा मी लेकीला म्हटलं, यांना दाखवून आण. तिला वाटलं, मी माझ्या हाताच्या चवीची काळजी करतेय. शेवटी दाखवलं, तेव्हा पोटात पार मागच्या बाजूला कॅन्सर निघाला, डॉक्टरही हात घालायला राजी होत नाहीत अशा जागी. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तिघांना समोर बसवून सांगितलं की औषधानं त्रास कमी होईल, आजार कमी होणार नाही. मी विचारलं, वर्षभर तरी? बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि नंतर टेबलाकडे. घरी आल्यावर जावई म्हणाले, "बाई स्पष्ट बोलतात. बरं वाटलं." आणि कात्रीला धार लावायला बसले.

काही आठवड्यांत त्यांना जिना उतरणं जड जायला लागलं. मग ते वर पलंगावर आणि लेक खाली मशीनवर. तिनं मशीन थांबवलं तर घरात काही येणार नव्हतं, आणि मशीन चालू ठेवलं तर ती दिवसभर त्यांना दिसत नव्हती. मी मधल्यामध्ये जिन्यावर. सरकारचा अपंगत्वाचा भत्ता मिळाला, तर त्यात सांभाळणाऱ्या माणसाचाही वाटा असतो, आणि तेवढ्यात दुकान बंद ठेवून भागलं असतं. जावयांना पैशाचं फारसं पडलेलं नव्हतं. एका दुपारी ते मला म्हणाले, "आई, सत्तावीस वर्षं आम्ही एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. आता ती खाली आणि मी वर. तेवढंच काय ते जमवा."

अर्ज आम्ही केला होता. भत्त्याच्या कार्यालयात दोन रांगा असतात, एक साधी आणि एक तातडीची. ज्यांच्याकडे वेळ नाही त्यांच्यासाठी तातडीची. सरकारला एवढं सुचलं हे कौतुकास्पद आहे. पण त्या रांगेत जायला दोन कागद लागतात: एक उपचार करणाऱ्या डॉक्टरचा आणि दुसरा कार्यालयाच्या स्वतःच्या तपासणी डॉक्टरचा. पहिला कागद डॉक्टरीणबाईंनी दिला होता. दुसऱ्यासाठी जावई आणि लेक कार्यालयात जाऊन आले. कसं झालं विचारलं, तर जावई म्हणाले, "छान झालं. डॉक्टर भला माणूस आहे. बाही दीड बोट लांब होती त्याची, मी सांगितलं."

पंधरवड्यानं उत्तर आलं. अर्ज साध्या रांगेत ठेवला होता. मी ते उत्तर हातात घेतलं, चपला चढवल्या आणि कार्यालय गाठलं.

खिडकीवरची बाई सर्दीनं हैराण होती. तिनं फाइल काढली, नाक पुसलं आणि वाचलं.

"उपचार करणारे डॉक्टर म्हणतात, आजार बरा होणारा नाही. आमचे डॉक्टर म्हणतात, माणूस टापटीप, कपडे अंगाला व्यवस्थित, वजन उतरल्याचं दिसत नाही, स्वतःच्या तोंडानं मजेत आहे असं सांगतो. दोन कागदांचं पटलं नाही की फाइल साध्या रांगेत जाते."

"दिसत नाही म्हणजे? वजन केलं नाही का?"

"काटा दुरुस्तीला गेलाय."

"कधी?"

"मी इथे लागले त्याच्या आधी."

"साध्या रांगेत किती दिवस?"

"सहा-आठ महिने. कधी जास्तही."

"आणि माणूस तोवर गेला तर?"

"तर फाइल बंद होते," ती म्हणाली. "ते मात्र लगेच होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्या बाईवर ओरडून काय उपयोग? तिनं जे होतं ते सांगितलं. नाक पुन्हा पुसून झाल्यावर तिनं खिडकीतून जरा पुढे वाकून आवाज खाली आणला.

"फेरतपासणी मागा, आजी. ती लवकर मिळते, कारण कुणी मागतच नाही. आणि पेशंटला बजावून ठेवा. डॉक्टरांनी कसे आहात विचारलं की सगळे मजेत म्हणतात. सवयच असते माणसाला. अर्ध्या फायली तिथेच मरतात."

मी फेरतपासणी मागितली आणि घरी आले. वाटेत डोक्यात एकच घोळत होतं: वजन उतरल्याचं दिसत नाही म्हणजे काय? ताटावरून मला तर अर्धा माणूस गेलेला दिसत होता. दुकानात शिरले तर लेक मशीनवर होती, आणि सुईखाली जावयांची राखाडी पँट होती. मला बघून तिनं ती टेबलाखाली सरकवली. वय पंचेचाळीस, घरात अजून बेबी म्हणतात, आणि चोरीही बेबीसारखीच करते.

"काय चाललंय?"

"काही नाही. जरा आत घेत होते."

"कितव्यांदा?"

तिनं पँट पुन्हा टेबलावर घेतली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. जावयांचा डोळा लागला की ती त्यांचे कपडे खाली आणायची आणि थोडे थोडे आत घ्यायची. सगळे शर्ट, पँटी, कोट. टेप लावायची नाही, कारण टेप लावला की आकडा सांगावा लागतो. नुसत्या अंदाजानं. सकाळी त्यांनी पँट चढवली की ती कालच्यासारखीच बसायला हवी, एवढंच तिला हवं होतं.

"ढगळ झालेलं बघितलं की त्यांना कळेल ना, आई," ती म्हणाली.

"त्यांना डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलंय."

"ते वेगळं. ते कानांनी ऐकलं. कपड्यांवरून कळलं म्हणजे त्यांना खरंच कळेल."

टेलर बायकोनं टेलर नवऱ्याला फसवायचं ते कपड्यांनी, आणि फसला कोण, तर सरकारचा डॉक्टर. ताकाला जाऊन भांडं लपवतात हे मला माहीत होतं. भांडं नीट मापात शिवून नेतात, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

मी वर गेले. जावई जागे होते.

"बेबी काय करतेय खाली?" मी मुद्दामच विचारलं.

"माझी राखाडी पँट आत घेत असेल," ते म्हणाले. "काल जरा सैल झाली होती."

मी खुर्चीत बसले.

"तुम्हाला माहीत आहे?"

"आई, तिचा टाका मी ओळखणार नाही का? शेवटाला येताना ती धागा जरा जास्त ओढते. पहिल्यांदा शर्टाच्या बगलेत दिसला. मग सगळीकडेच." त्यांनी छतावरची नजर काढली नाही. "तिला वाटतं मला कळत नाही. तेवढं राहू द्या तिला."

दोघंही एकमेकांना सांभाळत होती आणि दोघांच्या मध्ये अर्ज मरत होता. मला दोघांच्याही कानाखाली काढावीशी वाटली. एवढं कुणी माझं कधी केलं नाही, असंही वाटलं. मी त्यांना खिडकीवरच्या बाईचं सगळं सांगितलं. फेरतपासणीला जाताना कपडे उसवून, मूळच्या मापाचे करून जायचं, म्हणजे डॉक्टरला डोळ्यांनी दिसेल. जावयांनी डोळे मिटले.

"टेलरनं ढगळ कपड्यात लोकांसमोर जायचं?"

"हो."

"बरं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीच फर्मान काढलं. लेक राखाडी कोट-पँट घेऊन वर आली आणि पलंगाच्या कडेला बसली. एक बाजू तिनं घेतली, दुसरी त्यांनी. ब्लेडनं टाके उसवायला लागले. पँटीच्या आत एकाखाली एक शिलाईच्या रेघा होत्या, प्रत्येक आत घेण्याची एक. दोघं गिऱ्हाइकाचं काम असावं तशी गप्प बसून उसवत होती. एकदा जावई म्हणाले, "धागा चांगला वापरलास." ती म्हणाली, "हं." मला वाटलं, आता बोलतील. नाही बोलली. मी स्वयंपाकघरात जाऊन एक भांडं जरा जोरात आपटलं, त्याचाही काही उपयोग झाला नाही.

फेरतपासणीच्या दिवशी जावयांनी ते कपडे चढवले. कोटात आणखी एक माणूस मावला असता. पँट त्यांनी एका हातानं धरून ठेवली होती. मी तो अवतार बघून मनात म्हटलं, आता काम होणार, आणि लगेच माझीच मला लाज वाटली. लेक त्यांच्याकडे बघतच नव्हती. टॅक्सीत ती खिडकीबाहेर बघत होती आणि ते तिच्या मानेकडे. तिच्या गळ्यात टेप होता, सवयीनं घातलेला. काढायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

कार्यालयात बाकांवर खूप लोक होते. आमचा नंबर यायला वेळ होता. जावई म्हणाले, "जरा जाऊन येतो," आणि भिंत धरत धरत स्वच्छतागृहाकडे गेले. परत आले तेव्हा मला आधी वाटलं, दुसराच कुणी माणूस येतोय. कोट अंगाला नेमका बसलेला, पँटीला कमरेशी कुठे चुणी नाही, हात मोकळे. कोटाच्या आतल्या बाजूला ते कायम टाचण्या खोचून ठेवायचे. आरशासमोर उभं राहून त्यांनी सगळं टाचून टाकलं होतं.

"हे काय केलंत?" मी म्हटलं.

"आई, समोर बाया बसल्यात," ते म्हणाले. घामानं त्यांचं कपाळ भिजलं होतं. तेवढ्या टाचण्या लावायला त्यांना किती कष्ट पडले असतील कोण जाणे. मी तोंड उघडणार, तोच नाव पुकारलं.

तपासणी डॉक्टर टक्कल पडलेला, मवाळ माणूस होता. बाही या वेळी त्यानं दुमडून घेतली होती. त्यानं जावयांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"या, या. कसे आहात?"

मी रस्ताभर बजावलं होतं. जावयांनी माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरकडे, आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं, "मजेत."

डॉक्टरनं पेन उचललं. कोपऱ्यात वजनकाट्याची रिकामी जागा होती, तिथे कुणीतरी कुंडी ठेवली होती. तो लिहायला लागला आणि मला कळलं की हे पुन्हा तसंच होणार. सहा-आठ महिने. फाइल बंद. मी खुर्चीतून उठणार होते, पण माझ्या आधी लेक उठली.

ती नवऱ्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिनं टाचण्या काढायला सुरुवात केली. पहिली कोटाची, मग पँटीच्या कमरेची, एकेक करून सगळ्या. काढली की ओठांत धरायची. कोट बाजूंनी सुटला. पँट घसरायला लागली, तेव्हा जावयांनी ती दोन्ही हातांनी पकडली. डॉक्टरचं पेन थांबलं. लेकीनं गळ्यातला टेप काढला, पँटीच्या आतून, शर्टावरून, त्यांच्या कमरेभोवती फिरवला आणि दोन टोकं जुळवून धरली.

आणि थांबली. तिच्या तोंडात टाचण्या होत्या. तिला बोलता येत नव्हतं.

जावई खाली बघत होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कमरेपाशी वाकून आकडा वाचला, तशी त्यांची मान वाकली. बाहेर कुणीतरी शिंकलं, बहुतेक खिडकीवरची बाई.

"अठ्ठावीस," ते म्हणाले. दुकानातल्या आवाजात, मोठ्यानं.

"आधी किती होती?" डॉक्टरनं विचारलं.

मजेत म्हणणारा माणूस इथे 'तेवढीच' म्हणू शकला असता. पण हा प्रश्न मापाचा होता.

"अडतीस," जावई म्हणाले. "साडेसदतीस. अडतीस मी ऐसपैस बसायला ठेवायचो."

"आणि हे कधीपासून उतरत गेलं?"

"ते हिला विचारा. आत तीच घेत होती."

लेकीनं टाचण्या ओठांतून काढून तळहातावर घेतल्या. इतक्या महिन्यांत ती त्यांच्यासमोर आजाराबद्दल पहिल्यांदा बोलली. तेही डॉक्टरकडे बघून नाही, त्यांच्याकडे बघून.

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"टाका ओळखतो मी तुझा."

"मग बोलला का नाहीत?"

"तू टेप का लावला नाहीस?"

ती तिथेच जमिनीवर बसून रडली. मग डॉक्टरला म्हणाली, "हे जाणार आहेत, डॉक्टर. थोडे दिवस राहिलेत. मला दुकान बंद करून यांच्याजवळ बसायचंय. मला दुसरं काही नको." तिनं ते असं सरळ सांगितलं की डॉक्टरलाही काही विचारायचं उरलं नाही. तो म्हणाला, "कमरेचं माप लिहायला इथे जागा नाहीये." आणि मग त्यानं ते समासात लिहिलं, आधीचं आणि आताचं, दोन्ही. खाली तातडीचा शिक्का मारला. आम्ही निघताना त्यानं बाही सोडून बघितली आणि जावयांना विचारलं, "हे किती आत घ्यावं लागेल?"

"दीड बोट," जावई म्हणाले. "मागेही सांगितलं होतं."

निर्णय त्याच आठवड्यात आला. वरातीमागून घोडं नाचवायची सरकारची खोड, पण या वेळी घोडं वेळेवर पोचलं. लेकीनं दुकानाचं शटर खाली ओढलं, शेजारच्या कुलूपवाल्याकडे किल्ली ठेवली आणि वर येऊन नवऱ्याजवळ बसली. पहिला दिवस दोघांनाही काय करायचं ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी जावई म्हणाले, "झोप लागत नाही. मशीनचा आवाज नाही ना."

"मग काय करू?"

"राखाडी पँट उसवलेली पडलीय. ती मापात कर. मशीन वर आण."

कुलूपवाला आणि त्याचा भाऊ मशीन घेऊन जिना चढले आणि उतरताना माझ्या हातचा चहा पिऊन गेले. लेकीनं टेप लावला, जावयांनी आकडा सांगितला, तिनं तो मोठ्यानं परत म्हटला. मग पलंगाच्या एका बाजूला ती आणि मशीन, दुसऱ्या बाजूला ते उशीला टेकून. दर चार-पाच दिवसांनी हेच. आकडा खाली यायचा, ते तो सांगायचे, ती आत घ्यायची, ते टाक्यात खोट काढायचे आणि तिच्या मशीनच्या आवाजात झोपून जायचे. मी शेजारच्या खोलीत ऐकत असायचे. कधी दोघं हसायची. मला तो माणूस फार आवडायचा, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, कारण जावयाला असं सांगत नाहीत. आता सांगून टाकते.

ते गेले तेव्हा अंगावर तीच पँट होती. लोक भेटायला आले. त्यांना कापड पुरवणारा म्हातारा व्यापारी बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभा राहिला आणि मान हलवून म्हणाला, "एवढं मोठं दुखणं, पण अंगानं जरासुद्धा उतरले नव्हते हो."

लेकीनं माझ्याकडे बघितलं.

"नाही," मी म्हटलं. "अजिबात नाही."